शनिवारी बांधलेला काठ

गिरजाअक्का माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी बोटं बघायची. मला पहिल्यांदा भेटली तेव्हा तिने माझा पंजा उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्या हातानं कधी काय केलंयस का न्हाई रे?" मी म्हणालो, "फोन करतो की." ती इतकी हसली की तिला ठसका लागला. त्या दिवसापासून मी तिला अक्का म्हणायला लागलो आणि तिची मुलगी नेत्रा मला मामा म्हणायला लागली. अशी आयती मिळालेली नाती माणूस जपत नाही. मी तर मुळीच जपली नाहीत, आणि तेच सांगायला बसलोय.

मी रामनगरचा, नाव अर्जुन. आमचे आजोबा खानापूरकडून इकडे आले आणि दुकान टाकून राहिले. दुकान भावाकडे गेलं आणि मी कुंभारवाड्याच्या पुढे, रानातल्या एका पर्यटक निवासाचा मॅनेजर झालो. मॅनेजर म्हणजे पाहुण्यांचा चहा, न्हाणीतलं गरम पाणी, जनरेटरचं डिझेल आणि मालकाच्या शिव्या हे सगळं एकट्याने सांभाळणारा माणूस. मालक अनिकेत, बेळगावचे. महिन्यातून दोनदा येतात, फोटो काढतात आणि जातात. डांबरी रस्ता सुटला की आमच्यापर्यंत तीन किलोमीटर दगडधोंड्यांची वाट, मध्ये एक ओहोळ. त्या वाटेवर आमची जीप चालायची आणि माझी मोटरसायकल रडतखडत यायची. बाकी कुठलंही वाहन डांबरावरच थांबायचं. आमच्याही पुढे किलोमीटरभर आत अक्काची वाडी. सहा घरं, भाताची खाचरं आणि मग नुसतं रान.

अक्का कुणब्याची. बाजारासाठी टोपल्या-सुपं विणणारे लोक वेगळे. कुणबी विणतात ते घरापुरतं, आणि तेही पुरुष. पण अक्काच्या बापाला मुलगा नव्हता, म्हणून त्याने पोरीच्या हातात कोयती दिली. लग्न होऊन ती या वाडीत आली तेव्हा सासरच्या बायकांनी नाकं मुरडली. बाईमाणसाने बांबू फोडायचा म्हणजे काय! सासरा मात्र शहाणा होता. त्याने तिच्या हातचं सूप घेतलं, त्यात पसाभर नाचणी घालून पाखडून बघितली. एक दाणा विणीतून खाली गेला नाही. त्यानंतर कुणी बोललं नाही. पुढे नवरा लाकूडतोडीच्या कामावर गेला आणि पडत्या झाडाखाली सापडून गेला. नेत्रा तेव्हा चार वर्षांची. अक्काने खाचर कसलं, दुसऱ्यांच्या सुपाऱ्या सोलल्या, मुलगी वाढवली, आणि संध्याकाळी ओसरीवर बसून सुपं विणत राहिली.

ती सुपं कशासाठी, ते सांगायला हवं. आपल्याकडे बाळाला पाचवीला सुपात ठेवतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. या वाड्यांमध्ये त्या सुपाचा एक नेम आहे. सूप आधीपासून विणायला घ्यायचं, पण काठ बांधायचा नाही. विणलेल्या पट्टीच्या तीन बाजू दोन कामट्यांच्या चिमटीत धरून वेताने आवळतात, तो काठ. तो मोकळा ठेवायचा. बाळ जन्मलं, रडलं, की कुणीतरी धावत येऊन सांगायचं, "रडलं!" मग अक्का काठ बांधायला बसायची. बाळ यायच्या आधी काठ बांधला तर वाट बंद होते, असं इथली माणसं मानतात. गेल्या तीस वर्षांत आसपासच्या वाड्यांमध्ये जन्मलेली बहुतेक सगळी बाळं अक्काच्या सुपात निजली होती. एकदा जत्रेत एक मिशीवाला फॉरेस्ट गार्ड तिच्या पाया पडला, तेव्हा ती म्हणाली, "ह्येच्या सुपाचा काठ बांधताना माझं बोट कापलं हुतं. तवाच वळखलं, ह्यो तरास देणार." तो गार्ड लाजून लाल झाला.

मात्र नेत्राच्या बाळासाठी अक्काने दोनदा सूप विणलं आणि दोन्ही वेळा काठ मोकळाच राहिला. नेत्राला अणशीकडे दिली होती. पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं. तिकडच्या ओहोळाला पाणी चढलेलं, पलीकडे नेता आली नाही. दुसऱ्या वेळी तिला टेम्पोत घालून नेत होते, बाळ वाटेतच झालं, आणि दवाखाना यायच्या आधी संपलं. दोन्ही सुपं अक्काने चुलीत घातली. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा सातव्या महिन्यातच तिने नेत्राला माहेरी आणलं आणि मला म्हणाली, "अर्जुना, बाळात खोट न्हाई, वाट मारती आमच्या पोरांना. ह्या बारीला वाटंचं काय तरी बघाय पायजे."

मी काय बघणार? पण बघायची संधी चालून आली. अनिकेतच्या डोक्यात आलं की फेब्रुवारीत शनिवार-रविवार एक शिबिर घ्यायचं. जुन्या हस्तकला, हाताने करून शिकायच्या, जुन्या माणसांकडून. पत्रकावर छापलं, 'विस्मरणात गेलेल्या कलांचं दोन दिवसांचं गुरुकुल.' विस्मरणात कुणाच्या गेल्या होत्या कोण जाणे. वाडीतल्या सगळ्यांच्या लक्षात होत्या. मला हुकूम झाला, सूप विणणारी बाई पाहिजे.

अक्काने दोनदा नाही म्हटलं. "मी सूप इणती ते बाळाला. त्येंच्या घरात भिंतीला टांगायला न्हाई." तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तिने एकच अट घातली. नेत्राचं बाळंतपण होईपर्यंत आमची जीप निवासाच्या अंगणात, तोंड रस्त्याकडे करून उभी पाहिजे. रात्री-बेरात्री, कधीही. पाहुण्यांना आणायचं-सोडायचं तेवढंच, आणि लगेच परत. मानधन किती, हे तिने विचारलंसुद्धा नाही. मी छातीवर हात ठेवून कबूल केलं. ड्रायव्हर विनोदला तिच्यासमोर बोलावून सांगितलं. अक्काने विनोदची बोटं बघितली आणि म्हणाली, "बरी हायत. स्टेरिंग धरत्यात."

शुक्रवारी संध्याकाळी बेळगाव-हुबळीकडची चौदा माणसं मिनीबसने डांबरापर्यंत आली. तिथून विनोदने दोन खेपांत आणली. मिनीबस परत गेली, रविवारी संध्याकाळी येणार होती. शनिवारी सकाळी अनिकेतने नारळ फोडला, भाषण केलं आणि दुपारचं जेवण करून आपल्या कामाला बेळगावला गेले. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सगळ्यांच्या हातात काहीतरी घेऊन जायला पाहिजे, अर्जुन. रिकाम्या हातानं गेले तर परत येत नाहीत."

आलेली माणसं वाईट नव्हती. कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणी डॉक्टरीण, दोघं-तिघं नुकतीच लग्न झालेली. पण आठ तास खुर्चीत बसणाऱ्या हातांना कोयती काय कळणार? बांबू उभा फोडायचा, मग त्याच्या कामट्या, मग त्यातून पातळ सालपटं काढायची. सालपट एका जाडीचं निघालं तर विणीला लागतं, नाहीतर सरपणाला. पहिल्या दोन तासांत सरपणाचा ढीग झाला. अक्का त्यांच्यामधून फिरत होती आणि मजेत होती, हे मला आठवतं. बँकवाल्या साहेबांना म्हणाली, "सायेब, बांबूला राग दाखवू नगा. त्यो तुमच्या हापिसातला न्हाई." सगळे हसले, साहेबही हसले. रेश्मा नावाची बेळगावची एक मुलगी होती, पंचविशीतली. तिला मात्र जमलं. अक्काने तिचं सालपट उजेडात धरून बघितलं आणि नुसतं "हं" केलं. अक्काचं "हं" म्हणजे मोठी गोष्ट.

दाखवायला म्हणून अक्काने घरून एक सूप आणलं होतं. पूर्ण विणलेलं, काठ मोकळा. ते नेत्राच्या बाळाचं. घरी बसून दुसरं विणायला तिला वेळच झाला नव्हता. शिबिराची तयारी, पोटुशी लेक, गुरंढोरं. तिने सकाळीच मला सांगितलं होतं, हे सूप फक्त बघायचं.

दुपारी चार वाजता अडलं. विणीपर्यंत सगळं शिकवून झालं, आता काठ. काठ हाच सुपाचा जीव, आणि तो दाखवल्याशिवाय कळत नाही. पण शिकणाऱ्यांपैकी एकाचंही सूप काठापर्यंत आलं नव्हतं. रेश्माचं निम्मं झालेलं. बाकीच्यांची तर काय होणार होती ते देवालाच माहीत. शिबिरासाठी बोलावलेला फोटोवाला कॅमेरा घेऊन उभा. ऊन उतरत होतं. कुणीतरी म्हणालं, "आजी, हेच बांधून दाखवा ना."

अक्का माझ्याकडे बघायला लागली. मी तिला बाजूला नेलं. ती म्हणाली, "ह्येचा न्हाई बांधत. तुला ठावं हाय."

मला ठाऊक होतं. पण मला असल्या गोष्टींचा राग येतो, खरं सांगायचं तर. मी दहावी पास, रामनगरसारख्या नाक्यावर वाढलेला माणूस. काठ बांधल्याने पोटातल्या बाळाला काय होतंय! मी म्हणालो, "अक्का, शिबिराचं सूप समज हे. बाळासाठी उद्या दुसरं घे विणायला." ती मान हलवत राहिली. मग मी जे बोललो, ते आजही माझ्या कानात आहे. मी म्हणालो, "तुझ्या शब्दाखातर जीप उभी करून ठेवलीय की आम्ही. तू एवढं करंनास?"

तिचा चेहरा उतरला. परत जाऊन चौदा माणसांच्या मध्ये बसली, वेत पाण्यातून काढला, आणि काठ बांधला. हात भरभर चालले, पण एरवी ती बोलत-बोलत बांधायची, तशी बोलली नाही. काठ पुरा झाल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोवाल्याने तिला सूप डोक्याजवळ धरायला लावलं. घरी जाताना तिने ते सूप नेलं नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडंच."

आता रविवार.

सकाळी आठला नाश्ता चालू होता. बांबू संपला होता. आमच्या चारी बाजूंना बांबूची बेटं आहेत, हात लांब केला तर लागतील. पण वाघांचं रान आहे, एक काठी तोडायची सोय नाही. म्हणून आम्ही बांबू रामनगरच्या व्यापाऱ्याकडून आणलेला, मोजून. तो पहिल्याच दिवशी सरपण झाला. आदल्या दिवशी जातानाच अक्का म्हणाली होती, "बांबूसाठी कुठं जाऊ नगोस. उरल्याल्या कामट्यांत बारकी सुपली इणतील. जीप ऱ्हाऊ दे." आणि मी मान डोलावली होती.

पण नाश्त्याला रेश्मा हिरमुसली होती. तिचं सालपट मध्येच फाटलं होतं, आता सूप पुरं होणार नव्हतं. बँकवाले साहेब म्हणाले, आम्ही काय रिकाम्या हाताने जायचं का? मला अनिकेतचा हात खांद्यावर आठवला. नेत्राच्या तारखेला अजून बारा दिवस होते. रामनगरला जाऊन यायला तीन तास. मी मनात म्हटलं, तीन तासांत काय होतंय? विनोद गाडीत बसताना म्हणाला, "अण्णा, आक्काला इचारलं काय?" मी म्हणालो, "तू जा की, लई शहाणा." साडेआठला जीप गेली.

नऊला अक्का आली. आल्या-आल्या तिची नजर अंगणातल्या रिकाम्या जागेवर गेली. "जीप दिसंना?"

"डिझेल घालाय गेलाय," मी म्हणालो. "येतोय एवढ्यात."

तिने विश्वास ठेवला. का ठेवू नये? मी तिचा भाऊ होतो. ती शिकवायला बसली.

साडेदहाच्या सुमाराला तिची जाऊ पुतळी धावत आली. साडी गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, पाय धुळीने भरलेले. "गिरजे, पाणी गेलं पोरीचं. कळा याय लागल्यात."

अक्का उठली. मांडीवरच्या कामट्या खाली पडल्या. ती माझ्याकडे बघून एकच शब्द बोलली, "जीप?"

विनोदचा फोन लागत नव्हता. रानातल्या रस्त्याला रेंज कुठली? मोटरसायकल काढून वाटेवरच्या मोरीपर्यंत गेलो, तिथे रेंज मिळते. अँब्युलन्सला फोन लावला. गाडी लांब होती, तीन-चार तास लागतील म्हणाले. विनोद लागेचना. मी परत येऊन वाडीच्या माणसांना सांगितलं, पोरीला डांबरापर्यंत आणा, मी जीप घेऊन तिथे येतो. अक्काने विचारलं, "काय झालं जीपला?" मी मोटरसायकलला किक मारता-मारता म्हणालो, "बिघडली असंल कुठं तरी."

त्यांनी नेत्राला घोंगडीत घातलं, घोंगडी बांबूला बांधली, आणि चार माणसं खांद्यावर घेऊन निघाली. शिबिरातली माणसं ओळीने उभी राहून बघत होती. डॉक्टरीण बाई दातांच्या डॉक्टर होत्या, तरी त्या बरोबर चालत गेल्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. रेश्मा रडत होती. तिला काहीच ठाऊक नव्हतं, तरी रडत होती.

मला जीप जोयड्याच्या पुढे, घाटातल्या एका वळणावर भेटली. टपावर आणि मागच्या बाकांमध्ये बांबू आडवा-उभा कोंबलेला, दोरीने करकचून बांधलेला. व्यापाऱ्याचं दुकान उशिरा उघडलं म्हणून विनोदला उशीर झाला होता. मी त्याला काय झालं ते सांगितलं. तो गाडीतून खाली उतरला. मग आम्ही दोघांनी दोऱ्या तोडल्या आणि सगळा बांबू दरीत ढकलला. नेत्राला निजवायला जागा करायची होती, हे खरं. पण मी एक-एक काटकी, एक-एक सालपट झटकून काढत होतो, बाकाखाली हात घालून, आणि ते जागेसाठी नव्हतं. अक्काला दिसू नये म्हणून. त्यात सात-आठ मिनिटं गेली. विनोद म्हणाला, "अण्णा, ऱ्हाऊ दे की, चला." मी म्हणालो, "थांब." हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

डांबरावर पोचलो तेव्हा एक वाजायला आला होता. नेत्रा करंजाच्या सावलीत पडलेली, तिचं डोकं अक्काच्या मांडीवर. ओठ पांढरे पडले होते. मला बघून ती म्हणाली, "आलात मामा." बाकी काही नाही. 

दवाखान्यात नेईपर्यंत दोन वाजले. मुलगा होता. पुऱ्या दिवसांचा, केसाळ डोक्याचा. रडला नाही. नेत्राचं रक्त थांबेना तेव्हा पिशवी काढावी लागली. डॉक्टरने मला बाहेर बोलावून कानडीत सांगितलं, दीड-दोन तास आधी आणलं असतं तर दोन्ही वाचलं असतं, मूल आणि पिशवी. माझ्याशिवाय कुणी ते ऐकलं नाही. मी मान हलवली. डॉक्टरला वाटलं असेल, केवढा समजूतदार माणूस आहे.

मी आत गेलो तेव्हा अक्का नेत्राच्या पायाशी उभी होती. तिने दोन्ही हात समोर धरले होते, आणि तीच आपली बोटं बघत होती. "मी बांधला गं," ती म्हणाली. "काल मी काठ बांधला. समद्यांच्या म्होरं बसून बांधला." नेत्राने तिच्याकडे बघितलं. मग तोंड भिंतीकडे वळवलं. मी दारात होतो. त्या वेळी एक पाऊल पुढे टाकून बोलायला हवं होतं. मी चहा आणायला गेलो.

नेत्रा दवाखान्यातून थेट सासरी गेली. आईच्या घरी आली नाही. वाडीत बातमी पसरायला वेळ लागला नाही, आणि पसरवली खुद्द अक्कानेच. जो भेटेल त्याला सांगायची, मी काठ बांधला. कुणी तिला वाईट बोललं नाही. पण त्यानंतर कुणी तिच्याकडे सूपही मागितलं नाही. पुतळीच्या सुनेला मे महिन्यात मुलगी झाली, तिच्यासाठी प्लॅस्टिकचं सूप आणलं बाजारातून, निळ्या रंगाचं. अक्काने ते बघितलं आणि म्हणाली, "बरं केलंत." शिबिराचं म्हणाल तर लोकांना फार आवडलं होतं. अनिकेतने ते बांधलेलं सूप जेवणघराच्या भिंतीवर लावलं, खाली अक्काचं नाव. मी ते काढायचा प्रयत्न केला नाही, असं नाही. एकदा हात वर नेला होता.

विनोदने महिन्याभरात नोकरी सोडली, गोव्याला गेला. जाताना माझ्याशी बोलला नाही.

जूनमध्ये मी अक्काकडे गेलो. ठरवून गेलो होतो, सगळं सांगायचं. मोटरसायकलवर वाक्यं जुळवत गेलो. ती ओसरीवर बसली होती, रिकाम्या हाताने. इतक्या वर्षांत मी तिला रिकाम्या हाताने बसलेली बघितली नव्हती. खंगली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, चुलीवर चहा ठेवला. मी म्हणालो, "अक्का, काठानं काय होत नसतंय. सोड ते."

ती चुलीत फुंकर घालत होती, ती थांबली. माझ्याकडे वळून तिने विचारलं, "मग कशानं झालं रे?"

भांडण नव्हतं त्या विचारण्यात. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. वाक्यं माझ्या जिभेवर तयार होती. मी म्हणालो, "जीप..."

"जीप बिघडली की," ती म्हणाली. "चांगली चालती जीप. ती नेमकी त्याच दिशी कशी बिघडली? काठ बांधला म्हणून बिघडली. जीपचा काय दोष, आणि तुझा तरी काय? तू पळत हुतास बिचारा." असं म्हणून तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी तिचा चहा प्यायलो. गूळ घातलेला, दूध जास्त, मला आवडतो तसा. कप विसळून पालथा घातला आणि घरी आलो. वाटेत मला हलकं वाटलं होतं, हे सांगायची लाज वाटते, पण वाटलं होतं.

नेत्रा मला दिवाळीच्या आधी भेटली. मी कामासाठी अणशीकडे गेलो होतो. ती बसची वाट बघत एकटी उभी होती, हातात कापडी पिशवी. बारीक झालेली. मी मोटरसायकल थांबवली. तिने मला मामा म्हणून हाक मारली, घरचं विचारलं. मग म्हणाली, "घरातले म्हणत्यात, जा दिवाळीला आईकडं, चार दिस ऱ्हाऊन ये. मन होत न्हाई. मामा, तुम्ही त्या दिशी तिथंच हुता. आई डोक्यात काय तरी घेऊन बसलीय आन तेच बोलतीय, असं मला कवा-कवा वाटतंय. खरं सांगा. बांधला हुता काय तिनं काठ?"

वळणावर बस दिसायला लागली होती. नेत्रा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. जीपची हकिकत सांगितली असती तर ती ही बस सोडून उलट्या दिशेला, आईकडे गेली असती. आणि मग मला मामा म्हणणारं या रानात कुणी उरलं नसतं.

"व्हय," मी म्हणालो. "बांधला हुता."

तिने मान हलवली. बस आली, ती चढली, खिडकीपाशी बसली. त्या दिवाळीला ती आली नाही, आणि पुढच्याही आली नाही. अक्का मला भेटली की विचारते, नेत्रा कुठं दिसली काय रे. मी न्हाई म्हणतो.